माझा खोकला आणि कंपनीचं भविष्य

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. जुना म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर धूळ, कोळ्याची जाळी आणि अडगळीची खोली आली असेल. तसं काही समजू नका. माझ्यावर धुळीचा कण नव्हता. मला रोज मऊ फडक्याने पुसत. माझ्यासमोर आल्यावर मोठमोठी माणसं आवाज खाली आणत. माझा मान एवढा वाढला होता, की त्या मानाने माझा जीव मेटाकुटीला आला. त्याचीच ही हकीकत आहे. सांगता सांगता माझा सूर चढला तर समजून घ्या. कारण वैतागण्यासारखं माझ्या आयुष्यात पुष्कळ घडलं आहे आणि आजवर मला कोणी विचारलेलं नाही.

माझा जन्म एका लहानशा खोलीत, खिडकीजवळच्या लाकडी बाकावर झाला. त्या बाकावर एक गृहस्थ चष्म्याची भिंगं घासत बसायचे. पुढे सगळा कारखाना त्यांना आजोबा म्हणू लागला, म्हणून मीही आजोबाच म्हणतो. तेव्हा मात्र ते ऐन तरुण होते, आणि हट्टी होते. त्यांची बायको एरवी हसती-बोलती. पण फोटोला बसवली की तिचा चेहरा पार बदलायचा. त्या वेळचे कॅमेरे खटकन वाजत आणि ती दचके. पुढच्या वेळी ती आधीपासूनच दचकून बसे. घरातल्या प्रत्येक फोटोत ती दाढ उपटून घ्यायला बसल्यासारखी दिसायची.

तेव्हा आजोबांनी ठरवलं, की न वाजणारा कॅमेरा करायचा. कॅमेऱ्याच्या पोटात एक पडदा असतो, त्याला शटर म्हणतात. बटण दाबलं की तो क्षणभर सरकतो, उजेड आत येतो आणि चित्र उमटतं. सगळा खडखडाट त्या पडद्याचा. आजोबांनी तो पत्र्याऐवजी कापडाचा केला. स्प्रिंगा बदलल्या, चाकं घासली, मनासारखं होईना म्हणून फेकून दिली आणि पुन्हा घासली. घरच्यांनी त्यांच्यापुढे हात टेकले. शेवटी मी तयार झालो, तेव्हा माझा आवाज पुस्तकाचं पान उलटावं एवढाच होता.

बायको खिडकीशी शिवत बसली होती. बराच वेळ नवरा आपल्याकडे यंत्र रोखून उभा आहे हे पाहून ती म्हणाली, "काढणार आहात, की नुसतेच बघत राहणार?"

"काढला," आजोबा म्हणाले.

त्या फोटोत ती सुईत दोरा ओवते आहे आणि जिभेचं टोक ओठांत धरलेलं आहे. त्या फोटोवर पुढे अख्खी कंपनी उभी राहिली. लोक म्हणत, या कॅमेऱ्यासमोर माणसं आपली आपण असतात. माझ्यासारखे कितीतरी कॅमेरे बनले आणि दूरदूर गेले. मी मात्र पहिला, म्हणून घरीच राहिलो.

आजोबांचा दुसरा हट्ट माझ्या तळाला आहे. तिथे चार स्क्रू आहेत. ते काढले की मी उघडतो आणि आतलं सगळं दिसतं. "जे उघडता येत नाही ते बिघडलं तर करायचं काय?" असं ते म्हणायचे. कारखान्यात दुरुस्तीची एक वेगळी खोली होती. तिथे ज्यांचं राज्य होतं, त्यांना सगळे तेलकाका म्हणत. त्यांच्या बोटांना कायम तेलाचा वास यायचा.

माझी उमेदीची वर्षं गेली ती आजोबांच्या सुनेबरोबर. सगळे त्यांना वहिनी म्हणत. लग्न होऊन आल्या तेव्हा कॅमेऱ्याची पुढची बाजू कोणती हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आजोबांनी मला त्यांच्या गळ्यात अडकवलं आणि सांगितलं, "दिसेल ते काढत जा." वहिनींनी ते शब्दशः पाळलं. भिंगं घासणाऱ्या बायका, खोकी बांधणारे हात, जेवणाच्या सुट्टीत भिंतीला टेकून पेंगणारा पहारेकरी, असं सगळं त्यांनी टिपलं. नवीन मॉडेल निघालं की ते माझ्याशेजारी ठेवायचं, दोन्हींतून एकच फोटो काढायचा आणि वहिनींनी "चालेल" म्हटल्यावरच ते बाजारात पाठवायचं, अशी पद्धतच पडून गेली.

त्यांना दोन मुलं. थोरली मुलगी, तिला मी ताई म्हणतो, ती शाळेतून सुटली की तेलकाकांच्या टेबलाशी जाऊन बसे आणि कॅमेरे उघडून बघे. धाकट्याला उघडण्यात रस नव्हता. फोटो निघणार असला की उजेडात कुठे उभं राहावं हे मात्र त्याला जन्मतःच कळत होतं. दोघंही गुणी होती. आज मी त्यांच्यावर चिडून बोलणार आहे, तरी हे आधीच सांगून ठेवतो.

मग काळ पालटला. प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि प्रत्येक फोनात कॅमेरा. आमची मागणी घटत गेली. आजोबा गेले, त्यांचा मुलगाही गेला आणि कंपनी ताईच्या हाती आली. विक्री धाकट्याकडे होती. त्याने सांगितलं, की साध्या कॅमेऱ्यांत आता राम नाही, आपण फक्त उंची, निवडक लोकांचे कॅमेरे करायचे. त्यात वावगं काही नव्हतं. पण उंची कंपनीला इतिहास लागतो म्हणे. इतिहास शोधायला सगळे निघाले आणि नेमके माझ्यावर येऊन थांबले.

कंपनीच्या वाढदिवसाला सभा झाली. धाकट्याने वहिनींच्या गळ्यातून मला अलगद काढलं. "आई, हा आता आपला वारसा आहे," तो म्हणाला. "हा वापरायचा नाही, दाखवायचा."

वहिनी म्हणाल्या, "अरे, त्यात अर्धा रोल शिल्लक आहे."

लोकांना तो विनोद वाटला. ते हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मीटिंगच्या खोलीत, मखमलीच्या तुकड्यावर, काचेखाली ठेवण्यात आलं. वहिनी रिकाम्या गळ्याने घरी गेल्या. टाळ्यांच्या आवाजात ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मित्रांनो, यंत्राला मान देऊन कधी बसवून ठेवू नका. माझ्या आत तेल असतं. चालत राहिलो तर ते पातळ राहतं. बसून राहिलो की ते घट्ट होतं, मग चिकट होतं, मग वाळतं. वरून मी आरशासारखा लखलखत होतो आणि आतून आखडत चाललो होतो. रोज येऊन पुसणाऱ्यांपैकी एकानेही माझं बटण दाबून पाहिलं नाही. दाबलं तर मी झिजेन अशी त्यांना भीती होती.

मीटिंगच्या त्या खोलीत मी जे ऐकलं, ते माझ्या वैऱ्यावरही येऊ नये. विषय कायम एकच: कंपनीने पुढे काय करायचं. त्यासाठी एक सल्लागार नेमले होते. ते बोलताना हवेत गोल काढत आणि दर वाक्यात भविष्य आणत, म्हणून कारखान्यातले लोक त्यांना मागून भविष्यवाले म्हणत. कुणी म्हणे, आपल्या नावाची घड्याळं काढू. कुणी म्हणे, चामडी बॅगा. एकाने तर सुगंध सुचवला. कॅमेऱ्याच्या कंपनीचा सुगंध. म्हणजे माणसाने काय, अंगाला भिंगाचा वास लावून हिंडायचं? आणि असं काही सुचवून झालं, की सगळे माझ्याकडे वळून हळव्या आवाजात म्हणत, "याचा आत्मा जपला पाहिजे." मी आतून चिकटत चाललो होतो आणि हे माझा आत्मा जपत होते. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

अखेर एक नमुना तयार झाला. दिसायला अगदी माझा जुळा भाऊ. तसाच काळा, तशाच गोल चकत्या. पण चकत्या फिरत नव्हत्या, त्या शोभेच्या होत्या. आत पडदा नव्हता, त्यामुळे आवाजही नव्हता. आणि तळाला स्क्रू नव्हते. सगळी पेटी एकसंध, कुठे फट म्हणून नाही.

"उघडायचा कसा?" ताईने पहिल्याच दिवशी विचारलं.

"उघडायचा नाहीच, मॅडम," भविष्यवाले म्हणाले. "बिघडला तर परत घ्यायचा आणि दुसरा द्यायचा. उंची ग्राहकाला दुरुस्ती नको असते. त्याला नवं हवं असतं."

ओघानेच पुढचं ठरत गेलं. उघडायचंच नाही तर दुरुस्तीची खोली कशाला? तिथे शोरूम करायची. आणि शोरूमच्या दारात मला ठेवायचं. तेही काचेखाली नाही, एका पारदर्शक ठोकळ्यात ओतून. वितळलेलं द्रव्य माझ्याभोवती ओतणार, ते घट्ट होणार, मी आत. धूळ नाही, हवा नाही, चोरीची भीती नाही. माशी अडकते ना मधात, तसा मी कायमचा दिसत राहणार होतो. ताईने नमुन्याला होकार दिला की दुसऱ्याच आठवड्यात ठोकळा ओतायचा बेत होता. ती रोज "उद्या सांगते" म्हणत होती. माझं सगळं आयुष्य तिच्या त्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं, आणि मला तोंड नव्हतं.

आता खोकल्याची गोष्ट. नमुना मुका होता. भविष्यवाल्यांना ते खटकलं. बटण दाबल्यावर काहीतरी वाजलं पाहिजे, ग्राहकाला अनुभव आला पाहिजे, असं त्यांचं मत पडलं. धाकट्याच्या डोक्यात लगेच कल्पना आली, की मूळ कॅमेऱ्याचा आवाज रेकॉर्ड करून यात घालायचा. खरा आवाज, आजोबांच्या हातचा.

न वाजणारा कॅमेरा करण्यासाठी ज्या माणसाने अर्धं आयुष्य घालवलं, त्याच्या कॅमेऱ्याचा आवाज आता स्पीकरमधून वाजवणार होते. माझ्याकडे कपाळ असतं तर मी हात मारून घेतला असता.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवली. माझ्याभोवती माइक उभे केले, जसा मी मोठा गवईच. धाकट्याने पांढरे हातमोजे घातले आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझं बटण दाबलं. माझा पडदा निघाला, अर्ध्यावर अडकला, वाळलेल्या तेलातून घरघरत सरकला आणि शेवटी ठक्कन आपटला. घर्रर्र, खळ्ळ, ठक. मला इतकी शरम वाटली, की सांगता सोय नाही. भरल्या सभेत म्हाताऱ्याला ढास लागावी तशी गत झाली माझी.

आणि खोलीतली माणसं भारावून गेली.

"काय भारदस्त आहे," धाकटा हळूच म्हणाला.

"यात इतिहास आहे," भविष्यवाले म्हणाले.

त्यात इतिहास नव्हता, त्यात वाळलेलं तेल होतं. पण सांगणार कोण? शहानिशा करायला म्हणून तेलकाकांना बोलावलं. तेलकाकांना अलीकडे ऐकू येत नव्हतं आणि ते कबूल करायची त्यांची तयारी नव्हती. सगळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर त्यांनी गंभीर चेहरा केला, मान डोलावली आणि म्हणाले, "अगदी पहिल्यासारखा." झालं. माझ्या खोकल्यावर शिक्कामोर्तब झालं. मग तो खोकला साफसूफ करून नमुन्यात बसवला, गावोगावच्या लोकांना ऐकवला, आणि सगळ्यांनी तो डोक्यावर घेतला.

ताईचा होकार तेवढा राहिला होता. त्यासाठी शेवटची मीटिंग बोलावली आणि रीत म्हणून वहिनींनाही बोलावणं गेलं. त्या आल्या, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिल्या. केस पांढरे झाले होते त्यांचे. धाकट्याने नमुना हातात घेऊन बटण दाबलं. घर्रर्र, खळ्ळ, ठक.

"हे काय वाजलं?" वहिनींनी विचारलं.

"आई, हा आपला आवाज. आजोबांच्या कॅमेऱ्याचा. मुद्दाम रेकॉर्ड केलाय."

"पुन्हा वाजव."

त्याने पुन्हा वाजवला.

"अरे, हा तर खोकतोय," वहिनी म्हणाल्या. "आजारी आहे तो. तुम्ही याला तेल कधी दिलं होतं?"

सगळे एकमेकांकडे बघत होते. भविष्यवाल्यांनी घसा साफ केला. धाकटा म्हणाला, "आई, एवढ्या लोकांना ऐकवला. प्रत्येकाला आवडला."

"त्यांनी आधीचा ऐकला होता का?"

"आधीचा कोणीच ऐकलेला नाही."

"मी ऐकलाय," वहिनी म्हणाल्या. "उघडा त्याला."

यावर गहजब झाला. उघडला तर मोल कमी होईल, मूळ स्थितीला हात लागेल, असं भविष्यवाले काकुळतीला येऊन सांगू लागले. ताई थकलेल्या आवाजात म्हणाली, "उघडू दे तिला. एवीतेवी कायमचा बंदच करायचा आहे. एकदा उघडला म्हणून काय होतंय?"

हे बोलणं मला फार लागलं. पण त्यामुळेच मी काचेखालून निघालो.

दुरुस्तीच्या खोलीत निम्मं सामान खोक्यांत भरून झालं होतं. तेलकाकांनी माझे स्क्रू काढले. वहिनींनी आत डोकावून त्यांच्या कानाशी मोठ्याने विचारलं, "काका, हे पहिल्यासारखं आहे?" काका वरमले. "मला ऐकूच आलं नव्हतं हो, वहिनी," ते म्हणाले. "सगळे एवढे खूश होते, मग मीही मान हलवली." मग दोघं कामाला लागले. वाळलेलं तेल खरवडून निघालं, चाकं धुतली गेली आणि नवं तेल थेंबाथेंबाने सांध्यांत उतरलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू. कित्येक वर्षं आखडलेलं अंग सुटं झालं. माझ्यातला अर्धा रोल कधीच वाया गेला होता; वहिनींनी कपाटातून दुसरा एक जुना रोल शोधून माझ्यात भरला आणि मला घेऊन त्या मीटिंगला परतल्या.

"ऐका आता," म्हणून त्यांनी बटण दाबलं. पान उलटलं.

मित्रांनो, मला वाटलं होतं, आता तरी यांचे डोळे उघडतील. पण खोलीभर निराशा पसरली.

"एवढाच?" कुणीतरी म्हणालं.

"यापेक्षा आजारी होता तेच बरं होतं," धाकटा म्हणाला. तो हे चेष्टेने म्हणत नव्हता. "लोकांना कळणार तरी का, फोटो निघाला की नाही?"

आणि वाद पेटला. खरा आवाज ठेवायचा की खोकला ठेवायचा, यावर शहाणीसुरती माणसं हमरीतुमरीवर आली. भविष्यवाल्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर रंगीत आलेख लावले. धाकटा उभा राहून बोलू लागला. सगळा रोख ताईवर होता. आज हो म्हण, दुकानदार थांबलेत, शोरूमचे कारागीर खोळंबलेत, ठोकळा ओतणारे ताटकळलेत. ताई नमुना हातात घेऊन मुकाट ऐकत होती. कोपऱ्यातल्या म्हातारीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी तिच्या मांडीवर होतो. तिने मला थोडं उचललं. पान उलटलं. कोणी वळून पाहिलं नाही. तिने पुढचा काढला, मग आणखी एक. वैतागाच्या भरातही मला मनातून इतका आनंद झाला, की माझा पडदा थरथरला नाही याचंच नवल.

होकार मिळाल्याशिवाय सभा उठली. ताईने पुन्हा "उद्या" म्हटलं, आणि धाकट्याने फाइल टेबलावर आपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी कारखान्याच्या जुन्या डार्करूममध्ये स्वतः रोल धुतला आणि एक फोटो मोठा करून आणला. ताई मीटिंगच्या खोलीत एकटीच बसली होती. सहीचे कागद पुढ्यात होते. वहिनींनी मला टेबलावर ठेवलं आणि फोटो त्या कागदांवर ठेवला.

फोटोत धाकट्याचं तोंड उघडं होतं. भविष्यवाल्यांचा हात हवेत गोल काढत होता. आणि मधोमध ताई बसली होती. तिची नजर पडद्यावरच्या आलेखांवर होती, पण हात खाली काहीतरी वेगळंच करत होते. तिने नमुना उलटा धरला होता आणि अंगठ्याच्या नखाने ती त्याच्या तळाशी फट शोधत होती. लहानपणी तेलकाकांच्या टेबलाशी बसून कॅमेरा उघडण्याआधी ती अगदी असंच नख फिरवायची.

ताईने फोटो उचलून उजेडात धरला.

"हा कधी काढलास?"

"तुम्ही भांडत होतात तेव्हा."

"मी असं करत होते?"

"सगळा वेळ."

"मला कळलंच नाही गं," ताई म्हणाली. "आवाजही आला नाही."

"आला असता तर तू हात बाजूला घेतला असतास."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने लपवलं नाही. तिने धाकट्याला बोलावलं. तो आला, त्याने फोटो पाहिला आणि आधी स्वतःचं उघडं तोंड पाहून वैतागला. मग त्याला ताईचा अंगठा दिसला आणि त्याने बहिणीच्या हाताकडे पाहिलं. तो मूर्ख नाही.

"हा नमुना उघडता आला पाहिजे," ताई म्हणाली. "तळाला स्क्रू. दुरुस्तीची खोली राहणार. आणि आजोबांचा कॅमेरा ठोकळ्यात जाणार नाही."

"ताई, सगळं लांबणीवर पडेल. दुकानदार हातचे जातील."

"जातील."

"लोक म्हणतील, कंपनी मागे चालली."

"म्हणू देत. मला बनवायचाय तो कॅमेरा मलाच उघडता येत नसेल, तर मी इथे बसून करते काय?"

धाकट्याने फोटो पुन्हा एकदा उचलून पाहिला. "आवाजाचं काय?" त्याने विचारलं. त्याचा जीव तिथेच अडकला होता.

इथे सगळं गोड झालं असं सांगायला मला आवडलं असतं. पण माझ्या माणसांना मी ओळखतो. भविष्यवाले हात झटकून निघून गेले. काही दुकानदारांनी खरंच पाठ फिरवली. स्क्रू काळे असावेत की चंदेरी यावर पुढे इतक्या बैठका झाल्या, की मला वाटलं, कंपनी या स्क्रूंपायीच बुडणार. आणि खोकला? तो धाकट्याने सोडला नाही. तोडगा असा निघाला, की नवा कॅमेरा मुळात मुका असेल, पण ज्याला हवा त्याने सेटिंगमध्ये शिरून आवाज चालू करावा. त्या आवाजाला त्याने 'वारसा' असं नाव दिलं आहे. सांगायला दुःख होतं, पण पुष्कळ लोक तो चालू करतात आणि डोळे मिटून ऐकतात. वाळलेल्या तेलाची ती घरघर आता जगभर वाजते आहे. मी तक्रार तरी कुणाकडे करू?

कंपनी पुढे तरेल की नाही, हे मला ठाऊक नाही. नवा कॅमेरा हळूहळू खपतो आहे. दुरुस्तीच्या खोलीत खोकी उघडून सामान पुन्हा मांडलं आहे. मी वहिनींच्या गळ्यात आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी जपून ठेवलेलं असेल. एखादं शिवणयंत्र, एखादी सायकल, एखादी पेटी, किंवा आरामखुर्चीत बसवून ठेवलेलं एखादं माणूससुद्धा. त्याच्यावरची धूळ पुसलीत म्हणजे काम झालं असं समजू नका. त्याला हातात घ्या, चालवा, त्याचं काम त्याला करू द्या. त्याच्या घशातून घरघर आली तर तिची वाहवा करत बसू नका, तेल कुठे सुकलंय ते बघा. वापरताना काही बिघडेल, तर बिघडू द्या.

परवाच मी पडलो. वहिनींचे हात हल्ली थरथरतात. कारखान्याच्या पायऱ्या उतरताना पट्टा खांद्यावरून घसरला आणि मी फरशीवर कोपऱ्यावर आपटलो. अंगणातली माणसं जागच्या जागी थिजली. धाकटा वरच्या खिडकीतून ओरडला आणि धावत खाली आला. वहिनी पायरीवर बसल्या होत्या, मला मांडीत घेऊन. त्यांचा चेहरा पाहून मला माझ्या अंगावर पडलेल्या पोच्याचा विसर पडला. आता मुलगा कॅमेरा पुन्हा आपल्याकडून काढून घेणार, हेच त्या चेहऱ्यावर होतं. धाकट्याने हात पुढे केला, पण तो काही बोलायच्या आत ताई आली आणि आईच्या शेजारी पायरीवर बसली. तिने खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला आणि मला उताणं केलं.

"आई, धर जरा."

वहिनींनी मला दोन्ही हातांनी धरलं. ताईने एकेक स्क्रू काढून धाकट्याच्या पुढे केलेल्या तळहातावर ठेवला, आणि तो ते सांभाळत उभा राहिला. आत एक तरफ निसटली होती. ताईने नखाने ती जागेवर सरकवली, झाकण लावलं आणि बटण दाबलं.

वहिनींनी कान जवळ आणला. "वाजला का?"

"वाजला की."

"मला नाही ऐकू आला."

"मग झाला दुरुस्त," ताई म्हणाली आणि तिने मला आईच्या गळ्यात घातलं.